नांदेडात कॉम्प्युटर दुरुस्ती: आधी फॉरमॅट न मारणारं दुकान

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढं येईलच.

दुकान वर्कशॉप कॉर्नरहून श्रीनगरात शिरणाऱ्या एका बोळात आहे. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडून गेलीत, त्यामुळं नाव विचारू नका, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं की बोट दाखवतो. आत जुन्या मॉनिटरची चळत, उघड्या पडलेल्या कॅबिनेटी, आणि बसायला एकच स्टूल, त्याच्यावरही बहुतेक वेळा कुणाचा तरी प्रिंटर बसलेला. चकाचक काचेचं दुकान पाहिजे असेल तर इथं जाऊ नका.

माझं काम घरूनच चालतं. लग्नपत्रिका, विष्णुपुरीच्या विद्यापीठातून येणाऱ्या पोरापोरींचे प्रबंध, कोर्टाचे अर्ज, जे येईल ते. कॉम्प्युटर जुना आहे: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार-चार जीबीच्या दोन रॅम, 500 जीबीची हार्डडिस्क, विंडोज 10. त्यावर श्रीलिपी, पेजमेकर, कोरल ही मराठी टायपिंगची आणि पत्रिका मांडायची सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट. पत्रिकेच्या धंद्यात फॉन्ट म्हणजे भांडवल. एखादा फॉन्ट नसला की जुनी फाइल उघडल्यावर गणपतीच्या श्लोकाच्या जागी भलतीच अक्षरं नाहीतर चौकटी दिसतात.

हा कॉम्प्युटर मे महिन्यापासून हँग व्हायला लागला. नांदेडचा मे, तेव्हा घरात सगळ्यांनी उन्हावर ढकललं. माझ्या लेकानं कॅबिनेटची बाजूची पत्री काढून समोर टेबलफॅन लावून दिला. फरक शून्य. जुलैत गावातल्याच एका दुसऱ्या दुकानात नेला. (त्याचं नाव लिहीत नाही, भांडण करायचं नाही.) तिथल्या पोरानं कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. चालू केला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागतंय." मारला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. 500 रुपये घेतले. डी ड्राइव्हवरचं काम शाबूत राहिलं, पण सगळे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यात माझा आठवडा गेला. थोडे दिवस कॉम्प्युटर पळाला. गणपती उठले आणि हा पुन्हा बसला.

दिवाळीनंतर थंडी पडली तरी तेच. टायपिंग चालू असताना मध्येच सगळं थिजायचं. माउसचा बाण हलायचा, पण कुठं क्लिक लागत नव्हतं. खिडकी पांढरी पडून वर "नॉट रिस्पॉन्डिंग" यायचं. दोन-तीन मिनिटांनी अचानक जाग यायची आणि तोपर्यंत दाबलेली सगळी अक्षरं एकदम भराभर उमटायची. इकडं तुळशीचं लग्न लागलेलं, पत्रिकांची गर्दी सुरू. मुलीचा बाप समोर खुर्चीत बसलाय, "ताई, तेवढं मामाचं नाव मोठं करा," म्हणतोय, आणि स्क्रीन काही हलत नाही.

अशात एका वकिलांच्या कारकुनानं हे दुकान सांगितलं.

मालक पन्नाशीचे असतील, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. मराठी, हिंदी, दखनी सगळं एकाच वाक्यात बोलतात. मी सीपीयू काउंटरवर ठेवला आणि "हँग व्हायलाय, फॉरमॅट मारू नका" एवढं एका दमात सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, "ताई, पेशंटला बोलू तर द्या." आणि स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता प्रश्न सुरू केले.

हँग झाल्यावर कॅप्सलॉक दाबून बघितलं का, दिवा लागतो-विझतो का? माउस हलतो की तोही मरतो? गाणं चालू असेल तर आवाज एकाच जागी अडकून घर्र करतो का? समोरचा हार्डडिस्कचा लाल दिवा लुकलुकतो की सलग पेटलेला राहतो? आपोआप सुटतो की बटण दाबूनच बंद करावा लागतो? काही खास करताना होतं की नुसता बसलेला असतानाही?

प्रत्येक प्रश्नामागचं कारणही सांगत होते, म्हणून मला माणूस पटला. कॅप्सलॉकचा दिवासुद्धा हलत नसेल तर बहुतेक अख्खं यंत्रच गारठलेलं असतं: रॅम, गरमी, पॉवर सप्लाय नाहीतर बोर्ड. दिवा हलतो, माउस हलतो आणि थोड्या वेळानं गाडी आपोआप सुटते, म्हणजे प्रोसेसर जागा आहे, तो कशाची तरी वाट बघायलाय. आणि लाल दिवा सलग पेटलेला असेल तर ती वाट हार्डडिस्कची असते. माझा दिवा सलग पेटायचा. हे मी रोज बघत होते, पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग जोडून चालू केला. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, दहा टक्क्यांच्या आत. मेमरी निम्मी. डिस्क शंभर टक्के! आणि खाली वाचनाचा वेग बघितला तर सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. "बघा, काम काही नाही आणि घाम फुटलाय." मी पेजमेकरची एक जुनी फाइल उघडून दाखवली, लगेच थिजला. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत "डिस्क" या नावाखाली लाल खुणांची रांग लागली होती, क्रमांक 7, म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं. त्यात डिस्कची तब्येत एका रंगात कळते. निळा म्हणजे ठीक, माझा पिवळा.

इथं ते जरा रंगात आले. त्या यादीत सी-फाइव्ह म्हणून एक ओळ असते. जे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, डिस्कला वाचता येईनात आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांची ती संख्या. तिथं शून्य पाहिजे, माझ्याकडं भलताच आकडा होता. वाचता न आलेल्या जागेवर डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळतं. मला हँग म्हणून दिसत होतं ते हे. त्याच यादीत सी-सेव्हन असते, तिथं आकडा चढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून केबलचा असतो. माझी सी-सेव्हन शून्य. तरी त्यांनी डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची केबल बदलून पुन्हा बघितलं, कारण 60 रुपयांच्या केबलपायी लोकांच्या चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या त्यांनी पाहिल्यात.

जुलैतल्या फॉरमॅटनं काही दिवस बरं का वाटलं, हेही तेव्हा कळलं. नवीन विंडोज हलकं असतं आणि त्याच्या फाइली डिस्कच्या दुसऱ्या, अजून धड असलेल्या जागी जाऊन बसतात. खराब जागा तिथंच असते. पुढं कधीतरी गाडी त्या खड्ड्यात जातेच.

एवढं सापडल्यावर दुसरा कुणी थांबला असता. यांनी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी लावून ठेवली. चूक एकही नाही. ब्लोअर मारायला सीपीयू दुकानाच्या बाहेर नेला, आणि मारताना पंख्याचं पातं बोटानं दाबून धरलं. का, तर हवेच्या झोतानं पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडं नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती बदलली. काम करताना 85 अंशांवर जाणारा प्रोसेसर 60 च्या आसपास आला. म्हणजे उन्हावर ढकलणारे आम्ही अगदीच चुकलो नव्हतो, फक्त तो रोग वेगळा होता.

आता डेटा. लेकानं घरून फोन करून सांगितलं होतं की विंडोजमधलं डिस्क तपासणारं चेकडिस्क मारा, बॅड सेक्टर दुरुस्त होतील. मालकांनी हात जोडले. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क पूर्ण चालवला की ती अख्खी डिस्क खरवडून काढते, आणि पेशंट टेबलावरच जातो. आधी माल बाहेर काढायचा, बाकी नंतर. त्यांनी विंडोजऐवजी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला आणि खराब डिस्कची नक्कल काढणारं डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी धड भाग भराभर उचलतं, अडलेला सोडून पुढं जातं, आणि शेवटी मागं येऊन अडलेल्यांवर प्रयत्न करतं. सगळं थेट नव्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवाल्या वेगवान डिस्कवर उतरवलं, त्यामुळं विंडोज, फॉन्ट, श्रीलिपी, डेस्कटॉपवरचे आयकॉन, सगळं जागच्या जागी.

एसएसडी 512 जीबीची घ्यावी लागली. 480 ची थोडी स्वस्त होती, मी तीच मागत होते, पण 500 ची डिस्क तिच्यात जशीच्या तशी मावत नाही. हे त्यांनी आधीच सांगितलं, नंतर "ताई, आता मोठी घ्यावी लागतेय" केलं नाही. 3,400 रुपये एसएसडीचे, 700 मजुरी, त्यात साफसफाई आणि पेस्ट आली. जुनी डिस्क मला परत दिली, तिच्यावर मार्करनं "खराब" लिहून. जुन्या पत्रिकांच्या काही फाइली उघडत नाहीत. त्या येणार नाहीत हे त्यांनी देतानाच सांगितलं होतं.

आणखी एक विचारलं त्यांनी: कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत होत्या. मग म्हणाले, घरच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट आहेत ते वायरमनकडून मोजून घ्या, दोन-तीनच्या वर नको. आमच्याकडं तर अर्थिंगची तारच तुटलेली निघाली, खड्डाही कोरडाठाक. डिस्क त्यामुळंच गेली असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण झिणझिण्या गेल्या.

आता तक्रारी. "उद्या या" याचा इथला अर्थ परवानंतर कधीतरी. ऐन सीझनमध्ये मला लेकाच्या लॅपटॉपवर दिवस काढावे लागले आणि त्यावर श्रीलिपी नाही. फोन उचलत नाहीत, उचलला तर "रस्त्यात आहे" म्हणतात आणि मागून दुकानातल्या ब्लोअरचा आवाज येतो. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. एसएसडीला तीन वर्षांची वॉरंटी आहे, पण सीरियल नंबर टाकून पक्कं बिल मिळवायला मला दोनदा तोंड उघडावं लागलं. गाडी लावायला जागा नाही. घरी येत नाहीत. लॅपटॉपच्या बोर्डावरचं बारीक काम करत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. एक तारा गेला तो वेळेपायी आणि बिलापायी.

नवा कॉम्प्युटर गळ्यात मारला नाही, हे मात्र लिहायलाच पाहिजे. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि चौथ्या पिढीचा इंटेल विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. जुगाड करून 11 टाकणारे गावात आहेत. यांनी नकार दिला, म्हणाले उद्या अपडेट अडलं तर तुम्ही माझ्याकडंच येणार. त्याऐवजी जास्तीच्या सुरक्षा अपडेटची नोंदणी करून दिली, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालेल. पुढच्या दिवाळीला मशीन बदला, तोवर पैसे साठवा, असा सल्ला. पेजमेकर नव्या मशीनवर चालेल का, यावर त्यांचं आणि माझं अजून एकमत नाही.

कॉम्प्युटर आता चालू केल्यावर चहात साखर ढवळून होईपर्यंत तयार असतो. हँग एकदाही नाही. चालू लग्नसराईतल्या सगळ्या पत्रिका याच्यावरच निघाल्या.

जाणार असाल तर नुसता सीपीयू न्या, मॉनिटर-कीबोर्ड त्यांच्याकडं आहेत. घरी एकदा हँग होऊ द्या आणि कॅप्सलॉक आणि लाल दिवा नीट बघून जा, ते विचारतातच. सकाळी अकराच्या आधी शटर उघडत नाही. शुक्रवारी दुपारी बंद. निघताना बिल मागून घ्या, सीरियल नंबरसकट.