फोर्ट केसी: लपणाऱ्या तोफा बघायच्या तर इथेच

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात व्हिडबी बेटावर असलेल्या फोर्ट केसीत तट-बुरूज शोधायला गेलात तर हिरमोड होईल. समुद्रावरून हा किल्ला दिसूच नये अशी त्याची रचना आहे. पुढे गवताचा उतार, मागे काँक्रीटचे खोल खड्डे आणि त्यांत तोफा. प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या तोंडाशी असे तीन किल्ले होते. फोर्ट वर्डन आणि फोर्ट फ्लॅग्लर हे बाकीचे दोन, आणि आता तिन्ही राज्य उद्याने आहेत. वेळ एकाच किल्ल्यापुरता असेल तर केसीच निवडा, कारण १० इंची लपत्या तोफा तिघांत फक्त इथे आहेत.

मूळ तोफा केव्हाच काढून नेल्या. 'बॅटरी वर्थ' या मोर्च्यातली आताची दोन तोफांची जोडी १९६८ मध्ये फिलिपिन्समधल्या फोर्ट विंटहून आणली. नळीवरचे ओरखडे आणि खळगे दुसऱ्या महायुद्धातले आहेत, नुसता गंज समजून पुढे जाऊ नका. तोफेच्या खालचा गाडा नीट बघा: जड वजन खाली सोडलं की दोन भुजा तोफेला भिंतीच्या वर उचलतात. बार उडाला की धक्क्याने ती मागे-खाली येते, वजन परत वर चढतं, आणि गोलंदाज आडोशाला राहून पुढचा गोळा भरतात. समोरच्या जहाजापासून लपण्यासाठी हे सगळं अफलातून आहे. पण मान वर करा: छप्परच नाही. विमानं आल्यावर हा किल्ला निकामी का ठरला, ते तिथे उभं राहिलं की कळतं.

खालच्या दारूगोळ्याच्या कोठारांत मिट्ट काळोख असतो. मोबाइलचा उजेड पुरत नाही, चांगला टॉर्च न्या. फरशी ओली आणि निसरडी असते. वरच्या चौथऱ्यांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि कडेवरून खाली थेट काँक्रीट आहे, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका. १९०३ चं दीपगृह छोटं पण देखणं आहे. उघडण्याच्या वेळा बदलतात, आधी बघून घ्या. माळावर पतंग उडवायला वारा भरपूर, म्हणून उन्हाळ्यातही जॅकेट हवंच. जवळच नौदलाचा विमानतळ आहे. सराव चालू असला तर कानठळ्या बसतात.

गाडी लावायला डिस्कव्हर पास लागतो, एका दिवसाचे १० डॉलर. समोरच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट टाउनसेंड गावाहून येणारी फेरीबोट उद्यानाच्या पायथ्याशीच लागते, तेव्हा गाडी पलीकडे ठेवून चालत आलात तर इथे पासही नको. गाडीसह येणार असाल तर आरक्षण करा. मात्र या धक्क्याचं तोंड अरुंद आहे आणि बाहेर भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असतो, त्यामुळे फेऱ्या रद्द होतात. निघण्याआधी वेळापत्रक बघा. परतीची फेरी चुकलीच तर 'डिसेप्शन पास' या सामुद्रधुनीवरच्या पुलावरून गाडीने बेटाबाहेर पडता येतं, पण गाडी पोर्ट टाउनसेंडला ठेवून आलेल्यांना त्याचा काही उपयोग नाही.