ऐकण्याचा वर्ग : दादरमधले सहा रविवार

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत सातेक मिनिटांवर, एक लहानशी संस्था ‘सक्रिय श्रवण’, म्हणजे समोरच्याचा आशय नीट समजून घेत ऐकणे, या विषयाचा मराठी वर्ग चालवते. सहा रविवार, सकाळी १० ते १ अशी त्याची वेळ असून शुल्क ५,४०० रुपये आहे. हा वर्ग मी गेल्या महिन्यात पूर्ण केला. माझ्या तक्रारी संस्थेला लेखी कळवल्या असून उत्तर यायचे आहे, त्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. मात्र असे वर्ग मुंबईत अनेक ठिकाणी चालतात, आणि पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे हे ठरवायला हा मजकूर उपयोगी पडेल.

मी समुपदेशक नाही. मुलुंडमधल्या एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा तीन वर्षे चालू आहे. सभेत प्रत्येकाला बोलू देणारा माणूस अशी माझी ख्याती असल्यामुळे मी उत्तम ऐकतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. “तुम्ही ऐकत नाही हो, समोरच्याचं संपायची वाट बघता,” असे पत्नीने एकदा सुनावले, तेव्हा त्यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतेच.

आधी गैरसोयी सांगून मोकळा होतो. माहितीपत्रकात १२ जणांची तुकडी म्हटले होते, प्रत्यक्षात आम्ही २० जण होतो. खोलीच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात, त्यामुळे ऐकण्याचा सराव आम्ही फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि एका रविवारी तर लग्नाच्या बँडच्या साथीने केला. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारीच असतो हे ठाऊक असूनही उशिरा येणाऱ्यांसाठी उजळणीची काहीच सोय नव्हती.

शिकवणाऱ्या बाई मात्र जाणत्या निघाल्या. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर ‘ऐकणे’ हा एकच शब्द लिहिला आणि घरात तो कसा वापरतो ते आम्हाला विचारले. ‘मुलगा ऐकत नाही’ म्हणजे तो आज्ञा पाळत नाही. ‘ऐकून घेतले’ म्हणजे अपमान गिळला. ‘चार शब्द ऐकवले’ म्हणजे खरडपट्टी काढली. आपल्या बोलण्यात ऐकणारा बहुतेक वेळा खालच्या पायरीवर उभा असतो, म्हणूनच कर्त्या माणसाला ऐकणे जड जाते, हे त्यांचे म्हणणे मला सहा रविवारांत सर्वांत मोलाचे वाटले. (‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे आणि समुपदेशकाने जे टाळायचे ते नेमके तेच, ही गंमत मात्र त्यांच्या नजरेतून सुटली होती. मी ती दाखवली तेव्हा त्या मनापासून हसल्या.)

इतिहास त्यांनी थोडक्यात आणि नीट सांगितला. ‘सक्रिय श्रवण’ ही संज्ञा कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९५७ मधील एका छोट्या पुस्तिकेमुळे रूढ झाली, आणि ती पुस्तिका शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंधांविषयीच्या केंद्राने काढली होती. म्हणजे हे तंत्र केवळ उपचाराच्या खोलीपुरते नव्हते, कामगार आणि साहेब यांच्यातल्या बोलण्यासाठीही ते सांगितले गेले होते. लंडनमधले धर्मगुरू चॅड वारा यांचाही दाखला त्यांनी दिला. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी त्यांनी १९५३ मध्ये मदतीचा दूरध्वनी सुरू केला. त्यांना भेटायला आलेल्या लोकांना बाहेर बसलेले स्वयंसेवक चहा देत आणि त्यांच्याशी बोलत असत, आणि त्यांतल्या अनेकांना मग आत जाण्याची गरजच वाटेनाशी झाली. त्यातूनच सामान्य माणसांनी, सल्ला न देता, केवळ ऐकण्याची, वारा यांच्या ‘सॅमॅरिटन्स’ या संस्थेची पद्धत घडत गेली.

वर्गाचा गाभा होता तो तिघांचा सराव. एकाने चार मिनिटे स्वतःच्या आयुष्यातली खरी पण फार खोल नसलेली गोष्ट सांगायची, दुसऱ्याने ऐकायचे, तिसऱ्याने घड्याळ आणि वही घेऊन नोंद करायची. ऐकणाऱ्याला स्वतःचे काही बोलायचे असेल, तर आधी समोरच्याचा आशय स्वतःच्या शब्दांत परत मांडायचा आणि ‘हो, असंच’ हा दाखला मिळवायचा, मगच पुढे जायचे. ऐकायला हे सोपे वाटते. माझ्या वाट्याला ऐरोलीत संगणकाचे काम करणारा एक तरुण आला. वडिलांनी गावची जमीन त्याला न विचारता विकली, हे तो सांगू लागला आणि अर्ध्या मिनिटात मी विचारले, “किती गुंठे होती?” त्याने उत्तर दिले. मग मी विचारले, “सातबाऱ्यावर तुमचं नाव नव्हतं का?” त्यानंतर रस्त्यापासूनचे अंतर, भाव, खरेदीदार असे सगळे आले. नोंद करणाऱ्या बाईंच्या वहीत चार मिनिटांत माझे ११ प्रश्न आणि दोन सल्ले निघाले. त्या मुलाला नेमके काय सलत होते, हे तिघांपैकी कोणालाच कळले नाही, कारण मी ते त्याला सांगूच दिले नव्हते. जमिनीची सगळी माहिती मात्र माझ्याकडे होती, आणि ती मला आजही पाठ आहे.

प्रश्न विचारणे हाही अडथळा ठरू शकतो, हे पुढच्या रविवारी कळले. रॉजर्स यांचे सहकारी थॉमस गॉर्डन यांनी संवादातल्या १२ अडथळ्यांची यादी केली आहे. हुकूम, धमकी, प्रवचन, दोषारोप, टिंगल हे त्यात असणार हे कोणीही ओळखेल. धक्का बसतो तो उरलेल्यांमुळे : सल्ला देणे, तर्काने पटवणे, समोरच्याच्या मनाचे निदान करणे, आणि चक्क स्तुती करणे व धीर देणे. वर्गात यावर बरीच वादावादी झाली. धीर देणे वाईट कसे, असे एका शिक्षिकेने विचारले. बाईंनी उलट विचारले, की ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे ऐकल्यावर तुम्ही पुढे काही बोललात असे कधी घडले आहे का? मला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आठवल्या. “काकू, सगळं करारात लेखी आहे, घाबरू नका,” असे मी त्यांना किमान दहा वेळा सांगितले असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांनी “तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच” असे म्हणून दार लावून घेतले होते.

आता खरी तक्रार. वर्गाचे माध्यम मराठी असले तरी वाटलेल्या कागदांतली भाषा मराठी नाही. ‘मला असे ऐकू येते आहे की तुम्ही दुःखी अनुभवत आहात’ यासारखी वाक्ये पाठ करायला दिली होती. असे वाक्य मी घरी उच्चारले, तर आधी माझा ताप पाहिला जाईल. बाई स्वतः बोलताना ‘म्हणजे ते तुम्हाला लागलं’, ‘मनातून उतरलाच तो’, ‘जीव टांगणीला लागला असेल’ असे सहज म्हणत होत्या, आणि तेच अचूक बसत होते. कारण भावनेची आपली बरीच नावे अशी लागणे, खुपणे, सलणे, डाचणे, कोंडणे या क्रियापदांत राहतात. कागदांवर ती कोठेच नव्हती. साचेबंद वाक्याचा धोका जुनाच आहे. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलिझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो माणसाचे वाक्य रॉजर्सपंथी उपचारकाच्या थाटात उलटवून प्रश्न विचारत असे, आणि त्याला काडीचेही समजत नसताना लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागल्याने खुद्द कर्ताच अस्वस्थ झाला. नुसता पोपट व्हायचे असेल तर यंत्र ते काम स्वस्तात करते, ५,४०० रुपये कशाला भरायचे?

बसण्याच्या पद्धतीविषयीही माझा मतभेद आहे. समोरासमोर बसा, किंचित पुढे झुका, डोळ्यांत पाहा, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरार्ड एगन यांचे प्रसिद्ध सूत्र समुपदेशनाच्या खोलीत शोभते. परंतु आपल्याकडची मन मोकळे करणारी बोलणी शेजारी शेजारी बसून होतात : लोकलच्या बाकावर, ओट्याशी भाजी निवडताना, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. नजरेला नजर भिडवली की वडीलधाऱ्यांना ते उद्धट वाटते आणि तरुणांना उलटतपासणी. याबाबत अवाक्षरही निघाले नाही.

पाचवा रविवार मर्यादांना दिला होता, आणि तो उत्तम झाला. कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर विषय न बदलता आत्महत्येचा विचार मनात येतो का हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. माणसाला एकटे सोडू नये, आणि पुढचे काम जाणकारांकडे सोपवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तेथे मराठीत बोलता येते, हे त्यांनी प्रत्येकाला मोबाइलमध्ये नोंदवून घ्यायला लावले. इतकी काळजी घेणाऱ्या संस्थेने शेवटच्या दिवशी ‘श्रवण-समुपदेशक’ असे छापलेले प्रमाणपत्र वाटावे, याचे मला फार वाईट वाटले. १८ तासांत कोणी समुपदेशक होत नाही. मी ते प्रमाणपत्र परत केले आहे.

चौथ्या रविवारी संध्याकाळी मी देखभालीची पावती घेऊन काकूंकडे गेलो. पुनर्विकासाचे संमतीपत्र त्यांनी कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवलेले दिसत होते. मी म्हणालो, “काकू, घाई काही नाही. यात तुम्हाला नेमकं काय खटकतंय, तेवढं समजून घ्यायचंय.” त्यांनी नेहमीप्रमाणे कार्पेट एरियापासून सुरुवात केली. आकडे माझ्या जिभेवर होते, ते मी गिळले आणि म्हणालो, “म्हणजे जागा कमी मिळेल अशी धाकधूक आहे.”

“नाही रे. जागा घेऊन काय करायचंय मला?”

माझा अंदाज साफ चुकला होता. बाईंनी सांगितले होते की चुकीचा आशय परतवला तरी बिघडत नाही, समोरचा तो दुरुस्त करतो. फक्त त्यानंतर गप्प बसता आले पाहिजे. मी बसलो. शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

“बांधायला तीन वर्षं म्हणतात ना?”

“हो.”

“मी ऐंशीची आहे. ह्यांना याच घरातून नेलं. मलाही इथूनच जायचंय. भाड्याच्या जागेतून नको.”

“मधल्या तीन वर्षांचीच भीती आहे तुम्हाला.”

“हं. तेच.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी ते शोधलेही नाही. त्यांनी चहा टाकला. संमतीपत्र आजही कालनिर्णयच्या मागेच आहे, आणि “मग ऐकून उपयोग काय झाला?” असे समितीतल्या एका सदस्याने मला विचारलेच. एवढेच झाले, की त्यांना क्षेत्रफळाचे तक्ते पाठवणे आम्ही बंद केले, आणि संक्रमण काळासाठी आमच्याच गल्लीत तळमजल्याची एखादी जागा मिळते का, याची चौकशी त्या आता स्वतः माझ्याकडे करतात.

शिक्षक, परिचारिका, बँकेच्या काउंटरवर बसणारे आणि सोसायट्यांचे पदाधिकारी यांनी हा वर्ग जरूर करावा. घरातल्या जुन्या भांडणावर उतारा शोधणाऱ्या जोडप्याने मात्र हा पैसा प्रशिक्षित समुपदेशकाच्या भेटींवर खर्च करावा. नोंदणी करताना तुकडी किती जणांची आहे ते लेखी विचारा, वाटलेले कागद घरी ठेवून बाईंची वाक्ये वहीत उतरवून घ्या, आणि खिडकीजवळची खुर्ची घेऊ नका.