एकच गेम घ्यायचाय? मग आधी बघा, मधेच उठता येतं का

मागच्या आठवड्यात मावसभावाचा मेसेज आला, ताई स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेल लागलाय, एकाच गेमचे पैसे आहेत, कुठला घेऊ सांग. मी व्हॉइस नोट करायला घेतली आणि सहा मिनिटं झाली तरी माझी गाडी एल्डन रिंगवरच अडकलेली, मग म्हटलं लिहूनच काढावं, तसंही दर सेलला कोण ना कोण हेच विचारतं.

गेल्या चार-पाच महिन्यांत मी पाच गेम खेळले, स्टारड्यू व्हॅली, हेडीस, एल्डन रिंग, युरो ट्रक सिम्युलेटर 2 आणि राजी. पाचातला एकही टाकाऊ नाही, त्यामुळं 'चांगला कुठला' असं विचारण्यात अर्थ नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटला आहे, घरी यायला सात-साडेसात होतात, घरात आई आणि आज्जी, आणि आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी एकदा येतो, तोही कधी रात्री दहाला कधी पहाटे. म्हणून ग्राफिक्स बिफिक्स मी नंतर बघते. आईनं "नळ आला गं" म्हणून हाक मारली की त्या सेकंदाला उठता येतं का, हे आधी बघते.

आणि इथंच एल्डन रिंगनं माझं वाटोळं केलं. त्यात पॉजचं बटणच नाही. एकटे ऑफलाइन खेळत असलात तरी नाही, मेनू उघडला तरी मागं राक्षस येतच राहतो. मार्गिट म्हणून पहिला मोठा बॉस, म्हणजे वाट अडवणारा तगडा शत्रू, आहे, किल्ल्याच्या तोंडाशीच उभा असतो, त्याच्यापाशी मी तीन संध्याकाळी घालवल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं बोटभर रक्त उरलेलं असताना हाक आली. मी कंट्रोलर सोफ्यावर टाकला, मोटर लावली, पाइप हौदात सोडला, दोन पिंपं भरून घेतली आणि पदर खोचलेल्या आईची बोलणी खात परत आले तर स्क्रीनवर माझं प्रेत. नंतर कळलं की सामानाच्या मेनूत मदतीचं बटण दाबून 'मेनू एक्सप्लनेशन' उघडलं की गेम थांबतो, म्हणजे पॉज आहे पण चोरून ठेवल्यासारखा आहे. हे आधी माहीत असतं तर त्या दिवशीच मार्गिट पडला असता, असं मी आजही म्हणते, खरं खोटं देव जाणे.

पण गेम जबरी आहे हो, त्यात वाद नाही. 2022 चा आहे, सोपं-अवघड असं काही निवडायला देत नाही, सगळ्यांना एकच माप. दार उघडून बाहेर पडलं की समोरच सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो, मी चौदा वेळा त्याच्या हातनं मेले आणि मग डोक्यात उजेड पडला की बाजूनं वळसा घालून जाता येतं, त्याला आत्ताच मारायचं असं कुणी सांगितलंच नव्हतं. मेलं की जमवलेले रून्स, म्हणजे गेममधले पैसे, तिथंच पडतात, परत तिथवर जाऊन उचलायचे, वाटेत पुन्हा मेलं तर गेले कायमचे. ज्याला हे वाचूनच हात शिवशिवतात त्यानं बाकीचं वाचायची गरज नाही.

फक्त मशीन बघा. कमीत कमी 12 जीबी रॅम आणि जीटीएक्स 1060 ग्राफिक कार्ड मागतो, जागा 60 जीबी. माझ्याकडं 16 जीबी आणि जीटीएक्स 1650, लो सेटिंगवर चालतो, पण ओव्हरलोड उसाची ट्रॉली चढावर जशी जाते तसा. आणि मे महिन्यात आपल्याकडं दुपारी 43 असताना लावलात तर लॅपटॉपवर कडक भाकरी करून घ्या, गॅस वाचेल. डाउनलोडचंही तसंच, माझं वायफाय तेव्हा बंद होतं आणि हॉटस्पॉटवर रोजचे 2 जीबी, करा हिशोब.

स्टारड्यू व्हॅली ह्याच्या बरोबर उलटा. जेमतेम अर्धा जीबी, ऑफिसच्या डबड्यावरही चालेल. 2016 ला आला, आणि चित्रं, संगीत, कोडिंग सगळं एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसानं केलेलं. आजोबांची पडीक शेती मिळते, हातात 500 नाणी, गावचा मेयर पार्स्निपच्या 15 बिया देतो, पार्स्निप म्हणजे आपल्या गाजराचा पांढरा भाऊ समजा, चार दिवसांत येतो. आज्जी शेजारी शेंगा सोलत बसलेली, ती म्हणाली चार दिवसांत? कुठलं खत घातलं म्हणावं? तेव्हापासनं ती रोज माझ्या शेजारी बसून बघायला लागली. ज्वारी नाही का ह्यात, मालदांडी? नाही गं आज्जी, मका आहे, गहू आहे, राजगिरा आहे. राजगिऱ्यावर ती जरा शांत झाली.

ह्या गेमात ऋतू 28 दिवसांचा, आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक जागेवर वाळतं. मला उन्हाळ्यात पैशाची घाई झाली, 19 तारखेला होते नव्हते ते सगळे पैसे खरबुजात घातले, खरबुजाला लागतात 12 दिवस. बेरीज मला येते, पोटच त्याच्यावर आहे, पण केली नाही. पुढच्या ऋतूच्या पहिल्या सकाळी सगळं रान करपलेलं. आज्जीनं चष्मा वर केला, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "पेरणी हुकली की. वाफसा गेल्यावर पेरलं की असंच होतंय." नंतर दोन दिवस ती आल्या-गेल्याला सांगत होती की हिनं शेत घालवलं.

उठायच्या बाबतीत स्टारड्यू लई गरीब स्वभावाचा. एकटे खेळत असाल तर मेनू उघडला की वेळ थांबते, या पाणी भरून सावकाश. फक्त सेव्ह होतो तो झोपल्यावरच. एक दिवस साधारण 14 मिनिटांचा, म्हणजे लाइट जाऊन बॅटरी मेली (माझी दहा मिनिटं पण टिकत नाही) तर जास्तीत जास्त तेवढंच जातं. खरा धोका वेगळाच आहे, 'अजून एकच दिवस' म्हणता म्हणता रात्रीचा दीड वाजतो. मासे पकडायचा प्रकार मात्र मला आजपर्यंत जमलेला नाही आणि त्याबद्दल मला बोलायचं नाही.

हेडीस आणि एल्डन रिंग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत, दोन्हीत तुम्ही सारखे मरता, पण मरणाला मिळणारी वागणूक वेगळी. हेडीसमध्ये तुम्ही पाताळाच्या राजाचा पोरगा, झॅग्रियस, घर सोडून पळायचंय. मेलात की रक्ताच्या हौदातनं थेट घरातच वर येता, दारात हिप्नॉस यादी घेऊन उभा, कशानं मेलास ते वाचून वर फुकटचा सल्ला देतो, पुढं बाप टेबलावर कागदांच्या ढिगात, समोर मेलेल्यांची रांग, अगदी दाखला काढायला गेल्यासारखं वाटतं. आणि दर वेळी प्रत्येक जण काहीतरी नवीन बोलतो, त्यामुळं मेल्याचं वाईट वाटायच्या आत पुढं काय म्हणतील ह्याचीच उत्सुकता. तीन डोक्यांच्या कुत्र्याला कुरवाळता पण येतं, मी दर खेपेला कुरवाळते.

जास्तच जड जात असेल तर गॉड मोड आहे, सुरुवातीला मार 20 टक्के कमी लागतो आणि दर मरणाला आणखी 2 टक्के, 80 पर्यंत. मी बारा-तेरा वेळा मेल्यावर लावला, लाज वाटली नाही. एक फेरी, म्हणजे पळायचा एक प्रयत्न, अर्ध्या तासाच्या आसपास, पॉज आहे, आणि गेम मधेच बंद केला तर परत त्याच खोलीच्या सुरुवातीला उभं करतो. म्हणजे जेवायच्या आधी एक फेरी नीट बसते. संवाद भरपूर आणि सगळे इंग्रजीत, ते वाचायचा कंटाळा असेल तर अर्धी मजा गेलीच म्हणून समजा.

युरो ट्रक मी घेतला तो मामासाठी. मामा हैदराबाद लाइनला मालाच्या गाडीवर आहे, दिवाळीला आला तेव्हा म्हटलं बघ तरी. त्याचा पहिला प्रश्न, "बारा बारा तास गाडी चालवून आल्यावर परत गाडीच?" दुसरा प्रश्न, टोल आहे का. आहे म्हटल्यावर त्याला खरेपणा पटला. जर्मनीतनं सुरुवात केली आणि साहेब सवयीनं डाव्या बाजूला, समोरनं येणाऱ्या गाडीला धडक, दंड. परत डावीकडं, परत दंड. तिसऱ्यांदा मात्र ट्रेलर उलटा घेऊन एका दमात गोदामाला असा लावला, मी ते काम कायम 'स्किप' करते. तुम्हालाही डाव्या बाजूची सवय मोडवत नसेल तर सुरुवातीला मुख्यालय म्हणून ब्रिटनमधलं शहर निवडा, तिथं आपल्यासारखंच डावीकडनं चालतं, उजवीकडचं स्टेअरिंग पण घेता येतं.

हा 2012 चा गेम, अजून नवे रस्ते येत असतात, नकाशा 1:19 मापाचा त्यामुळं शेकडो किलोमीटर अर्ध्या तासात उरकतात, 11 तास चालवलं की गेमच झोपायला लावतो. कधीही सेव्ह करा, कधीही उठा, त्या एका बाबतीत पाचात पहिला नंबर. पण ज्याला कथा पाहिजे त्यानं इकडं फिरकू नये, पहिल्या तासाभरात झोप येईल. मी मात्र ऑफिसात मार्चअखेरीला दिवसभर डोकं फुटलं की रात्री पावसातला ट्रक लावून बसत होते, वायपरचा आवाज ऐकत.

राजीचं थोडक्यात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2020 चा. भाऊ पळवलेला, बहीण त्याला शोधतेय, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, चित्रं पहाडी शैलीतली, पुढच्या आवृत्तीत हिंदी आवाज पण आलेत. दिसायला एक नंबर, मारामारी जरा अवघडल्यासारखी वाटते, चार-पाच तासांत संपतो आणि शेवट अर्ध्यावर सोडून दिल्यासारखा. सेलमध्ये स्वस्तात मिळाला तर दुसरा गेम म्हणून घ्या, एकच घ्यायचा असेल तर नको.

आता मावसभावाचं. लॅपटॉप 8 जीबीचा, ग्राफिक कार्ड नाही, म्हणजे एल्डन रिंग कटाप, मित्राच्या घरी जाऊन बघ म्हणावं. त्याला कथा आवडते, इंग्रजी बरं आहे, सबमिशन चालू आहेत, त्यामुळं माझ्या मते हेडीस, सेटिंग कमी करून. सबमिशन नसतील तेव्हाच स्टारड्यू. हे सगळं लिहून त्याला पाठवलं तर दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"ताई, तू पाची घेतलेलेच हायस की. पासवर्ड दे."