५०ची लेन्स जवळपास वर्षभर वापरल्यावर: डिझाइन शिकू पाहणाऱ्यांसाठी

आधीच सांगते, हा रिव्ह्यू फोटोग्राफरचा नाही. मी नागपुरात बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, एका छापखान्यात डीटीपी करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कोचिंग क्लासची पत्रकं, दुकानांची बिलबुकं. कोरलड्रॉवर हात बसलाय, पण डिझाइन असं कुणी समोर बसवून शिकवलं नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या. त्यात संकल्पचित्राचा पेपर असायचा. पोस्टर कलरनं आकार सफाईनं भरले की सुटलो, एवढंच त्यातलं लक्षात आहे. गेल्या दिवाळीच्या आधी घरात पडून असलेल्या क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) डीएसएलआरसाठी ५० मिमी एफ/१.८ लेन्स सेकंडहँड घेतली, ती या पायाभूत गोष्टी नीट कळाव्यात म्हणून. आता पोळाही होऊन गेला, म्हणजे बोलण्याइतका वापर झालाय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ५० एफ/१.८ जवळपास सगळेच बनवतात, आणि मला जे सांगायचंय ते ५० या आकड्याबद्दल, म्हणजे लेन्सच्या पल्ल्याबद्दल आहे, डब्यावरच्या नावाबद्दल नाही.

ही लेन्स झूम होत नाही. क्रॉप सेन्सरवर ती फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) ७५ ते ८० मिमीसारखी वागते. म्हणजे तीन मीटरवर उभं राहिलं तर जेमतेम १ मीटर ४० सेंटीमीटर रुंदीची जागा फ्रेममध्ये मावते. पानठेल्याचा फोटो काढायला गेलात तर ठेला येईल नाहीतर बोर्ड येईल, दोन्ही पाहिजेत तर रस्ता ओलांडून पलीकडे जा. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मध्ये हा प्रश्नच येत नव्हता, जागेवर उभं राहून रिंग फिरवली की सगळं आत. आणि सगळं आत घ्यायची हीच खोड माझ्या पत्रकांमध्येही होती. डिझाइन शिकायला मला या लेन्सचा उपयोग झाला तो मुख्यतः इथे. काय बाहेर ठेवायचं हे शटर दाबायच्या आधी ठरवावं लागतं.

या लेन्सची कीर्ती धूसर पार्श्वभूमीसाठी आहे, पण शिकणाऱ्याला तीच सोय आडवी येते. एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवून, एक मीटरवरून फोकसमध्ये राहणारी पट्टी अडीच-तीन सेंटीमीटरची असते. चेहरा घ्या, मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं, फोटो छान दिसतो आणि मागे काय आहे याचा विचार करायचं कामच उरत नाही. म्हणून मी बराच काळ अ‍ॅपर्चर एफ/८ वर, म्हणजे भोक लहान, ठेवून काढलं. तेवढ्याच अंतरावर पट्टी बारा सेंटीमीटरच्या आसपास जाते आणि मागचं बऱ्यापैकी ओळखू यायला लागतं. मग डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कानाला चिकटलेली स्कूटरची हेडलाइट, हे सगळं आपल्या अंगावर येतं. एक पाऊल डावीकडे किंवा जरा गुडघ्यात वाकलं की खांब डोक्यापासून सुटतो. चित्रातला आकार आणि त्यामागची जागा या दोन्ही मिळून चित्र होतं, हे मी वाचलं होतं. अंगात मुरलं ते या डावीकडे-उजवीकडे सरकण्यातून. रूल ऑफ थर्ड्सचं (फ्रेमचे आडवे-उभे तीन भाग करून वस्तू त्या रेषांवर ठेवायची) मात्र एवढं काही नाही. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा, पंधरा दिवसांत सवय होते, मग बंद करा.

रंगाचा धडा कळमन्याला मिळाला. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री यायला लागली की सकाळी मार्केटमध्ये ढीग लागतात. एका ढिगावर निळी ताडपत्री ताणली होती. ढिगाचा अर्धा भाग ताडपत्रीच्या सावलीत, अर्धा कोवळ्या उन्हात. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) मी ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवला होता, त्यामुळे कॅमेरा आपल्या मनानं काही दुरुस्त करत नव्हता. उन्हातली संत्री पेटल्यासारखी, आणि हातभर अंतरावर ताडपत्रीखालची तीच संत्री मातकट, तपकिरी, जणू आठवडाभर पडलेली. कारण साधं आहे. ताडपत्रीतून झिरपणारा उजेड निळा, आणि संत्र्याची साल निळा प्रकाश जवळपास परत फेकतच नाही. मधल्या रेषेवर एक संत्रं होतं, त्याचा अर्धा भाग एका जगात आणि अर्धा दुसऱ्या. सालीवरची बारीक छिद्रंसुद्धा फक्त उन्हाच्या बाजूला दिसत होती. मी त्या एकाच संत्र्यापाशी उकिडवी बसलेली बघून एक हमाल म्हणाला, "काय काढून राहिल्या वो ताई, सगळा माल त तिकडे आहे!" बरोबरच होतं त्याचं.

आणखी एक गंमत घरी आल्यावर दिसली. ताडपत्रीचा निळा तुकडा ज्या फ्रेममध्ये संत्र्याला खेटून होता तिथे उन्हातली संत्री जास्तच केशरी वाटत होती. तोच भाग कापून पांढऱ्यावर ठेवला तर साधी. आयड्रॉपरनं (रंग मोजायच्या टूलनं) रंगाचे आकडे तपासले, आकडे तेच. शेजारचा रंग बदलला की रंग बदललेला वाटतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात शेव्हरूल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्ये सविस्तर मांडली. तो पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत रंगाई बघायचा, आणि काळा रंग फिका दिसतो अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. रंगात खोट नव्हती, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. पत्रिकेतला मरून स्क्रीनवर वेगळा होता म्हणून गिऱ्हाइकाशी वाद घातलेल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला हा माणूस आपलाच वाटेल.

यापेक्षाही उपयोगी पडलेली युक्ती फुकटची आहे आणि ती कुठल्याही लेन्सवर चालते. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, सगळे रंग राखणारी फाइल) ठेवायची आणि कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करायची. मागच्या पडद्यावर फोटो काळा-पांढरा दिसतो, कॉम्प्युटरवर रंग शाबूत मिळतात. हे लावून हिरव्या जाळीदार पोत्यात भरलेल्या लाल मिरचीचा फोटो काढला. डोळ्यांना लाल आणि हिरवं यांचं भांडण चाललेलं दिसतं, पडद्यावर दोन्ही एकाच राखाडीत मिसळून गेले. पोतं कुठलं आणि मिरची कुठली, कळेना. तेव्हा मला आमचे फ्लेक्स आठवले. हिरव्यावर लाल अक्षरं हा आमच्याकडचा अगदी आवडता प्रकार, जवळून झगमगीत, आणि चौकाच्या पलीकडून वाचता येत नाही. अक्षर वाचायला डोळ्याला उजळ-गडद असा फरक लागतो, नुसता रंगातला फरक पुरत नाही. आता कुठलंही काम प्रिंटला सोडायच्या आधी मी ते एकदा ग्रेस्केल करून बघते. त्यात वाचता आलं तर पुढे.

उजेडाचं नागपुरात वेगळं शिकावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर ऊन असं काही पांढरं पडतं की सावल्या डांबरासारख्या काळ्या आणि उरलेलं सगळं जळालेलं. २६ मेच्या आसपास तर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. झिरो माइलचा तो दगडी खांब आणि चार घोडे मी त्या दिवसांत दुपारीही बघितले आणि संध्याकाळीही. दुपारी खांब पुठ्ठ्यातून कापल्यासारखा चपटा. संध्याकाळी बाजूनं ऊन आलं की घोड्याच्या मानेचा बाक, पोटाचा फुगीरपणा, दगडाचा खडबडीतपणा, सगळं उठून येतं. वस्तुचित्राच्या पेपरात मडक्याला एका बाजूनं शेडिंग करायला का लावायचे, याचं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं. दुपारच्या उन्हालाही टाकाऊ म्हणणार नाही. त्यात घनता मरते, पण आकार आणि नक्षी यांना धार येते. बर्डीवरच्या दुकानांच्या जाळीदार शटरच्या सावल्या दुपारीच काढाव्यात.

वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल लयीसाठी सोन्याची खाण आहे. ३.१४ किलोमीटर लांब, खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि मधोमध एकसारख्या खांबांची रांग. खांब, पोकळी, खांब, पोकळी. कुठेतरी एखादा ज्यूसवाला छत्री लावून ही लय मोडतो आणि नजर तिथेच थांबते. इथे एक गैरसमज मात्र दूर करते. लेन्स लांब पल्ल्याची असली की खांब एकमेकांजवळ आल्यासारखे दिसतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते लेन्समुळे नाही, तुम्ही लांब उभे राहता म्हणून. त्याच जागेवरून १८ मिमीनं फोटो काढून मधला भाग कापून बघा, खांब तितकेच जवळ दिसतील.

दीक्षाभूमीचा घुमट १२० फूट उंच, त्यामुळे तो या लेन्समध्ये अखंड हवा असेल तर बरंच मागे जावं लागतं. समतोल बघायला यापेक्षा चांगली जागा शहरात नाही. डावी-उजवी बाजू इतकी तंतोतंत की पांढऱ्या साडीतली एक आजी कडेनं चालत गेली तरी सगळं वजन तिच्याकडे झुकतं.

आता जे जमत नाही ते. मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीला ही एकच लेन्स घेऊन जाऊ नका. इतवारीच्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते, पिवळी मारबत समोर आली तेव्हा माझ्या फ्रेममध्ये तिचं नाक आणि अर्धा डोळा मावत होता. त्या दिवशी सगळे फोटो फोननं काढले. घरातले कार्यक्रम, हळदीची गर्दी, तिथेही तेच. एफ/१.८ मुळे एफ/५.६ च्या नऊपटीहून जास्त उजेड आत येतो, रात्रीच्या वरातीत त्याचा खूप फायदा आहे. पण बँडवाल्यांच्या पितळी वाद्यांच्या चकाकत्या कडांना जांभळी झाक येते, आणि अंधारात फोकसची मोटर पुढे-मागे घुटमळत बसते. एफ/२.८ केलं की झाक बरीच कमी होते. माझ्या नगाची फोकस मोटर आवाजही करते, व्हिडिओ काढणाऱ्यांनी ते ऐकून घ्यावं. आणि कूलर! उन्हाळाभर कूलरच्या खोलीत लेन्स उघडी ठेवली तर दमटपणानं काचेला बुरशी धरायची भीती असते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, खर्च काहीच नाही.

कामात काय फरक पडला, हे छापखान्यातल्यांना विचारलं तर वेगवेगळी उत्तरं मिळतील. माझ्या पत्रिकांमध्ये वधू-वरांच्या नावांभोवती आता मोकळी जागा असते, आशीर्वादाच्या यादीचा टाइप लहान असतो, आणि गणपती एकच. पहिल्याच गिऱ्हाइकानं प्रूफ बघून विचारलं, "इतकी जागा खाली काहून सोडली? पैसे त पूर्ण घेऊन राहिले." मालक काकाजींनी तिथे दोन मोर टाकून दिले. एका क्लासचं पत्रक मात्र जसंच्या तसं पास झालं, एक फोटो, एक ओळ, एक नंबर. ते सर पुढच्या सत्रालाही तसंच मागायला आले.

लेन्सनं शिकवलं नाही ते अक्षर. देवनागरीत खाली उकार आणि वर वेलांट्या-मात्रा, ओळींमधलं अंतर कमी पडलं की एकमेकांत अडकतात. कुठे किती सोडायचं हे फोटो काढून कळत नाही. त्यासाठी जुन्या चांगल्या छापलेल्या पुस्तकांची पानं समोर ठेवून पट्टीनं मोजणं, एवढाच मार्ग मला सापडला. फोटोग्राफीतून सगळं डिझाइन येतं असं कोणी सांगत असेल तर निम्मंच खरं माना.

घ्यायची असेल तर: कॅमेरा फुल फ्रेम असेल तर ५० डोळे झाकून घ्या. क्रॉप सेन्सर असेल आणि घरात, गल्लीत, दुकानात जास्त काढणार असाल तर ३५ बघा, मागे सरकायचा त्रास बराच कमी होईल. किंमत मात्र काही कंपन्यांत बरीच वाढते. चेहरे, फळं, भांडी, भिंती यांच्यावर शिकायचं असेल तर क्रॉपवरही ५० चालते. जुनी घेताना दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. धुळीचे दोन-चार कण चालतात, फोटोत उतरत नाहीत. ऑटोफोकस दुकानातच, पंखा बंद करायला लावून, कान देऊन तपासा. माझी दहा हजारांच्या आत मिळाली आणि सोबत हूड (लेन्सवर ऊन येऊ न देणारं कडं) नव्हता; तो वेगळा घ्या, इथल्या उन्हात लागतोच.