दुभत्या शेळ्यांसाठी सुटे खनिज मिश्रण : एका पूर्ण वेताच्या वापरानंतर

नवीन खनिज मिश्रण सुरू केले आणि आठवड्याभरात दूध वाढले, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबून खरेदी करू नये. तांबे, सेलेनियम यांचा साठा यकृतात होतो आणि तो हळूहळूच भरतो. केसांत फरक दिसायला निदान दोन-तीन महिने लागतात, खुरांत त्याहून अधिक, आणि प्रजननातला फरक कळायला पुढचा माज यावा लागतो. म्हणून हे परीक्षण गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यापासून पुढचे पूर्ण वेत (व्यायल्यापासून दूध आटेपर्यंतचा काळ) आणि त्यानंतरचा फळण्याचा हंगाम, एवढ्या वापरावर बेतले आहे.

मिश्रण सुट्या भुकटीचे, खास शेळ्यांसाठी बनवलेले आहे. पिशवीवरचे आकडे असे : कॅल्शियम १६ टक्के, फॉस्फरस ८ टक्के, मीठ १२ टक्के, आणि दर किलोत तांबे १५०० मिलिग्रॅम, जस्त ५००० मिलिग्रॅम, आयोडीन १०० मिलिग्रॅम, सेलेनियम २४ मिलिग्रॅम. याआधी गोठ्यात टणक चाटण वीट टांगलेली असायची, त्यामुळे तुलना मुख्यतः विटेशी आहे.

आधी विटेचेच. शेळीची जीभ गाईच्या जिभेइतकी खरखरीत नसते. टणक वीट चाटून तिच्या पोटात दिवसाला १० ग्रॅम खनिज जाणे अवघडच. जी शेळी हट्टाने विटेच्या कडा चावते तिचे दात झिजतात, आणि बाकीच्या नुसता वास घेऊन निघून जातात. त्यात बऱ्याच विटा प्रत्यक्षात मिठाच्याच असतात. रंग आणि नाव तेवढे खनिजाचे. युरिया घातलेल्या विटांबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे : मऊ वीट शेळी चाटत नाही, चावून खाते, आणि एका दमात जास्त युरिया पोटात गेला तर विषबाधा होते. करडे जिथे मोकळी फिरतात तिथे ती वीट नकोच.

कोणतेही मिश्रण पारखताना पिशवीवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. तो आकडा गुणिले शेळीने प्रत्यक्ष खाल्लेले ग्रॅम, हे खरे माप. तांब्याचाच हिशोब करून पाहा. १५०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे १० ग्रॅममध्ये १५ मिलिग्रॅम. ५० किलोची दुभती शेळी दिवसाला साधारण २ किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून उरलेला चारा-खुराक) खाते. चाऱ्यात दर किलोला ६ ते ८ मिलिग्रॅम तांबे धरले तर तिथून १२ ते १६ मिळाले. एकूण झाले २७ ते ३१ मिलिग्रॅम, म्हणजे आहाराच्या दर किलोला १४-१५. दुभत्या शेळीची गरज दर किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा हिशोब जुळतो. पण तीच शेळी भुकटी ३ ग्रॅमच खात असेल, तर तांबे साडेचार मिलिग्रॅमवर येते आणि महागातले महाग मिश्रणही कुचकामी ठरते. आकडे टक्क्यांत दिले असतील तर १ टक्का म्हणजे दर किलोला १०,००० मिलिग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की कोणत्याही दोन पिशव्यांची तुलना करता येते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत शेळ्या भुकटीवर तुटून पडतात. त्याची काळजी करू नये, पुढे खाणे स्थिरावते. त्यानंतर मात्र आठवड्यातून एकदा वजन करायचेच. २० शेळ्या, रोज १० ग्रॅम, ७ दिवस, म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम संपायला हवे. निम्मेही संपत नसेल तर सर्वांत आधी पाहायचे ते मीठ. खनिज मिश्रणाकडे शेळी येते ती मिठासाठी; तांब्याची वा जस्ताची ओढ तिला कळत नाही. शेजारी मिठाचा खडा टांगलेला असेल, किंवा खुराकात आधीच १ टक्का मीठ असेल, तर ती भुकटीकडे फिरकत नाही. खडा काढून टाकला की आठवड्याभरात खप वाढतो. दुसरे कारण मॅग्नेशियम ऑक्साइड. त्याची चव कडवट, आणि ते जास्त असलेले मिश्रण शेळ्या टाळतात.

दूध देणाऱ्या शेळ्यांच्या बाबतीत एक सोय आहे, तिचा फायदा घ्यावा. दोन वेळच्या धारेच्या वेळी प्रत्येकीला वेगळा खुराक मिळतोच, त्यात प्रत्येक वेळी ५ ग्रॅम टाकले की कोणी किती खाल्ले हा प्रश्नच उरत नाही. मोकळ्या पेटीपाशी दांडग्या शेळ्या बाकीच्यांना हाकलतात. कमी खाणाऱ्या नेमक्या भित्र्या, कोपऱ्यात राहणाऱ्या असतात, आणि लक्षणेही त्यांच्यातच आधी दिसतात. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात या भुकटीचे ५-६ ग्रॅम बसतात, पण प्रत्येक मिश्रणाची घनता वेगळी, म्हणून आपला चमचा एकदा काट्यावर तोलून घ्यावा. खुराक थोडा ओलसर असावा, नाहीतर भुकटी तळाशी बसते आणि तशीच राहते. भाकड शेळ्यांना आणि वाढत्या पाटींना (अजून न व्यायलेल्या तरुण माद्यांना) पेटीतूनच द्यावे.

पेटीसाठी ४ इंची पीव्हीसी नळी आणि ४५ अंशांचा वाय-जोड उत्तम. नळी उभी, खालच्या टोकाला बूच, वरच्या टोकाला काढता येणारे झाकण, आणि जोडाचे तिरके तोंड शेळीच्या छातीच्या उंचीवर. खाली बांधकामाची एक वीट ठेवावी, म्हणजे शेळी पुढचे पाय वर टेकवून खाते आणि नळीच्या तोंडात लेंड्या पडत नाहीत. उघड्या घमेल्यात करडे जाऊन बसतात, आणि एकदा मुताने ओली झालेली भुकटी कोणीही खात नाही. या मिश्रणाचा खरा दोष इथेच दिसला : दमट हवेत ते गोळा होते. नळीत आठवड्यापुरतेच भरावे आणि तळाचा थर खरवडून फेकून द्यावा. त्या थरात जड, बारीक कण साचतात. तो तसाच ठेवून वर नवीन भरत राहिले तर शेळीला दर वेळी वेगळेच मिश्रण मिळते.

आता फरकाचे. काळ्या केसांवरची तांबूस झाक सर्वांत ठळकपणे गेली. केसांचा रंग बनवणाऱ्या विकराला तांबे लागते. ते कमी पडले की काळी शेळी विटकरी दिसू लागते, डोळ्यांभोवतीचे केस विरळ होतात आणि शेपटीचे टोक माशाच्या शेपटीसारखे दुभंगते. नवीन केस आले ते मुळापासून काळे आले. उन्हानेही केस विटतात, म्हणून वरच्या टोकांवरून निष्कर्ष काढू नये. केस बाजूला सारून मुळाशी रंग पाहावा. भिंत चाटणे, दोऱ्या चघळणे बंद झाले. गुडघ्यांवरची आणि कानांच्या कडांवरची खपली गेली, हे जस्ताचे काम. खुरांची नवीन वाढ अधिक घट्ट आहे. दुधात मोठा फरक नाही, आणि तो अपेक्षितही नव्हता. उलटणाऱ्या, म्हणजे फळवूनही गाभ न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या शेळ्या कमी झाल्या, पण त्याच काळात खुराकही सुधारला होता, त्यामुळे ते श्रेय एकट्या मिश्रणाला देणे योग्य होणार नाही.

ज्या शेळ्यांची पापणी आतून पांढुरकी होती त्यांच्यात मिश्रणाने काहीही बदल झाला नाही. ते जंत होते. रक्त पिणारा जंत आणि तांब्याची कमतरता यांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की बाहेरून सारखीच वाटतात : केस राठ, अंग खंगलेले, शेपूट विरळ. आधी लेंडीची तपासणी करून घ्यावी, मग खनिजाकडे वळावे.

मिश्रण जे करू शकत नाही ते पिशवीवर कुठेच लिहिलेले नसते. एक, कॅल्शियम. १६ टक्क्यांच्या हिशोबाने १० ग्रॅममध्ये १.६ ग्रॅम. शेळीच्या एक लिटर दुधातून सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जाते, आणि खाल्लेले सगळे अंगी लागत नाही. तीन लिटरच्या शेळीची गरज या भुकटीने भागणे शक्यच नाही. ती भागवतो लसूणघास. एक किलो वाळलेल्या लसूणघासात १२ ते १५ ग्रॅम कॅल्शियम असते. ज्यांच्याकडे द्विदल चारा नाही त्यांनी खुराकात चुनखडीची शुद्ध भुकटी वेगळी घालावी. तिच्यात ३८ टक्के कॅल्शियम असते. मात्र लसूणघास भरपूर असेल तर जस्त वाढवावे लागते, कारण जास्तीचे कॅल्शियम जस्ताला शोषू देत नाही. व्यायच्या आधी-नंतर शेळी थरथरू लागली, कान थंड पडले, बसून राहिली, तर ती खनिज पेटीची वेळ नव्हे, पशुवैद्यकाला बोलवावे.

दोन, पाणी. बोअरच्या पाण्याने टाकीला गंजाचा थर धरत असेल तर त्यातले लोह तांब्याला अडवते. पाण्यातले वा चाऱ्यातले गंधक आणि जमिनीतला मॉलिब्डेनम हा धातू रुमेनमध्ये (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) एकत्र येऊन तांब्याला असे बांधून ठेवतात की ते शरीराला वापरता येत नाही. आहारात तांब्याचे प्रमाण मॉलिब्डेनमच्या दुपटीहून कमी झाले की हमखास कमतरता दिसते. अशा ठिकाणी दुसऱ्या कंपनीची पिशवी आणून उपयोग नाही, पाणी बदलावे लागते. याच कारणाने लालभडक मिश्रण मला पसंत नाही. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा. चाऱ्यातून लोह पुरेसे मिळत असताना ते आणखी कशाला घालायचे? गिऱ्हाइकाला लाल रंग ताकदीचा वाटतो, एवढाच त्याचा उपयोग.

घटकांच्या यादीत तांबे कोणत्या रूपात आहे तेही वाचावे. कॉपर सल्फेट चांगले शोषले जाते. कॉपर ऑक्साइडची भुकटी जवळजवळ तशीच लेंडीतून निघून जाते. ऑक्साइडच्या तारांचे तुकडे भरलेली कॅप्सूल ही निराळी गोष्ट. ते तुकडे पोटात अडकून हळूहळू विरघळतात. आयोडीन पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात असेल तर उघड्या पिशवीतून उडून जाते. कॅल्शियम आयोडेट टिकते. सुबाभूळ किंवा कोबीवर्गातला पाला जास्त खाऊ घालणाऱ्यांनी आयोडीनकडे विशेष लक्ष द्यावे. करडे गळ्याला गाठ घेऊन, विरळ केसांची किंवा मेलेलीच जन्मू लागली तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

मेंढ्यांचे मिश्रण शेळ्यांना देऊ नये, कारण त्यात तांबे मुद्दाम घातलेले नसते. शेळ्यांचे मिश्रण मेंढ्यांना तर मुळीच देऊ नये. त्यातल्या तांब्याने मेंढी मरते. कळप एकत्र असेल तर भुकटी फक्त धारेच्या जागी द्यावी. शेळ्यांचे मिळाले नाही तर गाईंचे मिश्रण चालते, पण आधी त्यात मोनेन्सिन (गुरांच्या खाद्यात मिसळतात ते औषध) आहे का ते पाहावे. घोडा, गाढव किंवा कुत्र्याने ते खाल्ले तर जीव जाऊ शकतो.

शेळी मेंढीपेक्षा जास्त तांबे सोसते, याचा अर्थ तिला वाटेल तेवढे चालते असा नाही. आहारात दर किलोला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. धोका येतो तो एकाच वेळी अनेक बाजूंनी देण्याने : हे मिश्रण, वरून कॅप्सूल, वरून मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) पाणी, वरून तांबे असलेले तयार खाद्य. यकृत महिनोन् महिने गप्प साठवत राहते आणि प्रवास, आजारपण अशा ताणात एकदम सोडून देते. मग लघवी गडद, डोळे पिवळे, आणि वाचवायला वेळ उरत नाही. सेलेनियमचेही तसेच. गरज आहारात दर किलोला ०.३ मिलिग्रॅम एवढीच. मिश्रण चालू असताना इंजेक्शन द्यायचे की नाही हे पशुवैद्यकाशी हिशोब मांडूनच ठरवावे, आणि जमिनीत मुळातच सेलेनियम जास्त असलेल्या भागात ते नसलेले मिश्रण निवडावे.

रक्ततपासणीवर पैसे घालवताना एवढे ध्यानात घ्यावे की यकृतातला साठा बराच आटेपर्यंत रक्तातले तांबे ठीकच दिसते. कापलेल्या किंवा मेलेल्या जनावराच्या यकृताचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवणे कितीतरी जास्त सांगून जाते, आणि मिश्रण चालू ठेवायचे, वाढवायचे की थांबवायचे ते त्यावरून ठरवता येते.

बोकडांना हेच मिश्रण चालते, पण धान्याचा खुराक जास्त असेल तर फॉस्फरस वाढून मुतखडा होतो, विशेषतः खच्ची केलेल्यांना. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असे पाहावे. खरेदी करताना उत्पादनाची तारीख ताजी घ्यावी. तांबे, जस्त यांच्या सहवासात जीवनसत्त्व अ आणि ई काही महिन्यांत निकामी होत जातात. मोठी पिशवी स्वस्त पडत असली तरी तीन-चार महिन्यांत संपेल एवढीच आणावी आणि घट्ट झाकणाच्या पिंपात, भिंतीपासून दूर ठेवावी.