व्यसनमुक्ती सेंटरनंतर सोबर होममध्ये राहतोय, पाडव्यापासून गटारीपर्यंतचा अनुभव

डिस्चार्जनंतर थेट घरी नको असं काउन्सेलरनी आधीच सांगितलेलं, कारण आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावरच वाइन शॉप, पिणारी सगळी मंडळी त्याच चौकात आणि घरी आई-बायको दोघी कायम धास्तावलेल्या. म्हणून पुण्यातच सोबर होम, म्हणजे दारू सोडलेले लोक न पिता एकत्र राहतात असं घर, शोधलं, पाडव्यानंतर इथं आलो. नाव टाकत नाही, बाकीच्या पोरांची ओळख बाहेर जायला नको. पण शोधताना काय बघायचं ते सांगतो, मला तेव्हा नीट सांगणारं कोणी नव्हतं.

आधी एक महत्त्वाचं. ज्याची दारू आत्ताच सुटलीय, हात थरथरतायत, त्याला इथं आणू नका. रोज पिणाऱ्याची एकदम बंद झाली की फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांचं काम आहे. सोबर होम त्याच्या नंतर.

दुसऱ्या एका ठिकाणी चौकशीला गेलो होतो. गेटला कुलूप, तीन महिने फोन बंद, आणि 'पेशंट येत नसेल तर गाडी पाठवून उचलून आणतो' असं मालक अभिमानाने सांगत होता. नोंदणी विचारली तर विषय बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी संबंधित मानसिक त्रासही येतो, ॲडमिट करून उपचार करणाऱ्या सेंटरला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, तेव्हा कागद बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आमचं घर म्हणजे साधं रो हाऊस, आठ जण. भाडं-किराणा वाटून. अमेरिकेत १९७५ पासून ऑक्सफर्ड हाऊस म्हणून घरं आहेत, तिथं स्टाफ नसतो, राहणारेच हिशोब बघतात, नियम ठरवतात आणि जो पितो त्याला घर सोडावं लागतं. आमच्याकडे मॅनेजर दादा आहेत पण पद्धत बरीचशी तीच. दिवसा प्रत्येकाने कामाला जायचं, रात्री नऊच्या आत परत, आल्यावर ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायचं. एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगला जावंच लागतं, मराठीतल्या मीटिंगा आहेत आणि फी काही नाही.

मला सगळ्यात उपयोग झाला तो पगाराच्या दिवसाचा. पगार पडला की त्या संध्याकाळी घरातल्या दोघांनी एकत्र बसायचं, दुसऱ्यासमोर बायकोच्या खात्यावर पैसे टाकायचे, घरभाडं द्यायचं, मगच जेवण. ऐकायला बारीकसं वाटतं पण पूर्वी माझा पगार आणि माझी बाटली यात कधी एक रात्र गेली नव्हती!!

गोळी पण तशीच. डायसल्फिराम (ही घेतल्यावर दारू प्यायली की अंगावर रिॲक्शन येते) चालू असलेल्यांनी दुसऱ्यासमोर घ्यायची आणि वहीत सही करायची. बाथरूममध्ये आफ्टरशेव्ह ठेवत नाहीत, खोकल्याचं औषध आणलं तरी लेबल वाचून, कारण त्यात अल्कोहोल असलं तरी रिॲक्शन येऊ शकते. हात जोडून सांगतो, ही गोळी नवऱ्याला न सांगता डाळीत, भाजीत घालू नका, जाहिरातीतल्या पावडरीही नकोत. वरून तो प्यायला तर बीपी पडून माणूस जाऊ शकतो.

गटारीला मी मनातून फार घाबरलो होतो. त्या दिवशी मटण घरीच केलं, वाटण मी आणि एका साताऱ्याच्या पोराने केलं. त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर सारखे फोटो येत होते, त्याने फोन सरळ दादांकडे देऊन टाकला. कॅरम खेळत बसलो, झोपायला बराच उशीर झाला, पण सगळे घरातच होते आणि सकाळी सगळे कामावर गेले.

कमी काय ते पण लिहितो. सकाळी दोनच बाथरूम, भांडणं होतात. डिपॉझिट परत कधी मिळणार हे लेखी नव्हतं, एक जण मध्येच गेला त्याला पैशासाठी बरेच फोन करावे लागले, आता आम्ही सगळ्यांनी मागून कागद करून घेतलाय. आणि बायकांसाठी असं घर शोधायला निघालात तर फार अवघड, एका ताईसाठी आम्ही अजून शोधतोय, कोणाला पुण्याच्या आसपास खात्रीचं माहीत असेल तर प्लीज कळवा. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

मी दिवाळीपर्यंत इथंच राहणार. बायको दर रविवारी मुलीला घेऊन येते, घरी कधी जायचं ते आम्ही दोघं आणि काउन्सेलर मिळून ठरवू.