नर्सी ते घुमान: खोलून नेता येणारी सायकल घ्यावी की साधीच?

हिंगोलीचे माझे एक शिक्षक मित्र येत्या हिवाळ्यात नर्सी नामदेवहून सायकलवर निघणार आहेत, ते थेट पंजाबातल्या घुमानला. नामदेव महाराज आयुष्याची बरीच वर्षं तिथे राहिले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्या वाटेनं एकदा तरी जायचं हे सरांच्या मनात फार दिवसांपासून आहे. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. परत येताना अमृतसरला सचखंड एक्सप्रेस धरायची आणि नांदेडला उतरायचं. पुढे जमलं तर परदेशातही सायकल न्यायची. म्हणून त्यांनी विचारलं, "खोलून बॅगेत भरता येते तसली सायकल घेऊ का?"

"खोलता येणारी" म्हणताना आपण दोन-तीन वेगळ्या जातींच्या सायकली एकाच टोपलीत टाकतो. एक आहे मोठ्या चाकांची, नेहमीसारखीच दिसणारी, पण फ्रेम मधोमध दोन भागांत सुटते. यातला नावाजलेला जोड अमेरिकेतल्या 'एस अँड एस'चा. वरच्या आणि खालच्या नळीत एकेक स्टीलचा जोड असतो. आत दात एकमेकांत बसतात आणि बाहेरून आट्यांची कडी खास पान्यानं आवळायची. वजन वाढतं ते पाव किलोच्या आसपास. चांगल्या कारागिराकडून जुन्या स्टीलच्या फ्रेमलाही हा जोड बसवून घेता येतो. दुसरी सायकली बनवणारे अमेरिकेतले टॉम रिची यांची 'ब्रेकअवे'. तिच्यात खालची नळी एका पट्ट्यानं जोडलेली असते आणि वरचे दोन भाग सीटच्या दांड्यावर आवळले जातात. ही जास्त हलकी. तिसरी जात छोट्या चाकांची, घडी होणारी: वीस इंची 'बाइक फ्रायडे' आणि सोळा इंची 'ब्रॉम्प्टन'.

चालवताना जोड जाणवतो का, ही सगळ्यांची पहिली शंका. नीट आवळलेला असेल तर जाणवत नाही. काळजी घ्यायची ती धुळीची. आपली काळी माती बारीक असते, आट्यांत बसली की कडी अर्ध्यावर अडते. जोडण्याआधी जुन्या टूथब्रशनं आट्या साफ करायच्या, ग्रीसचं बोट फिरवायचं, आणि पहिले दोन-तीन दिवस रोज सकाळी पाना लावून बघायचं. तो पाना हरवला तर गावच्या गॅरेजात त्याच्या जोडीचा मिळणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ब्रेकही वायरचेच घ्या. वायर मधे जोडून सोडवता येते, पण तेलाच्या डिस्क ब्रेकची नळी प्रत्येक वेळी वेगळी करणं रस्त्यात झेपणारं काम नाही.

या सगळ्या खटाटोपामागे एक आकडा आहे: १५८ सेंटिमीटर. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज एवढ्यात बसली तर बहुतेक विमान कंपन्या पेटीला साधं सामान धरतात. म्हणून या सायकलींची पेटी २६ × २६ × १० इंचांची असते. परदेशी प्रवासात, जिथे २३ किलोची एक बॅग तिकिटातच येते, तिथे याचा खरा फायदा. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोच मिळतात. लांबच्या प्रवासाची स्टीलची सायकल कॅरियरसकट तेरा-चौदा किलो, वर कडक पेटीचे पाच-सहा. म्हणजे माप नियमात बसलं तरी वजनाचे पैसे द्यावेच लागतात. चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीला दोनदा उडायचं म्हणून जोडाची सायकल घेणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

रेल्वेचं गणित आणखी वेगळं. स्लीपरमध्ये ४० किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं, पण डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरच्या आत हवं. मघाच्या २६ इंची पेटीची बाजू ६६ सेंटिमीटर भरते, म्हणजे कागदावर तीही नियमाबाहेरच. मऊ बॅग थोडी दबते, बाकाखाली सरकते, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

साधी, न खोलणारी सायकल ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करावी लागते. गाडी जिथून सुटते आणि जिथे संपते त्या दोन टोकांमध्ये ही सोय उत्तम, कारण चढवायला आणि उतरवायला वेळ असतो. मधल्या स्टेशनावर दोन-तीन मिनिटांचा थांबा असला की आपण फलाटावर आणि सायकल पुढे, ही धास्ती राहतेच. सरांची गाडी अमृतसरला सुटते आणि नांदेडला संपते. शिवाय वाटेत लुधियाना लागतं, सायकलींचं शहरच ते. सुट्या भागांपासून खोक्यापर्यंत सगळं मिळेल. या एका यात्रेपुरतं बोलायचं तर जोडाची काही गरज नाही.

आणि पेटीचं करायचं काय? नर्सीला निघालो, घुमानला पोहोचलो, कडक पेटी तर घरी माळ्यावर. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्याला ती कामाचीच नाही. बाइक फ्रायडेवाल्यांनी सुटकेसलाच चाकं लावून मागे ओढायची गाडी केली, ती कल्पना मला मनापासून आवडते. बाकीच्यांनी घडी करून कॅरियरला बांधता येईल अशी मऊ बॅगच घ्यावी, आणि फ्रेमच्या भागांना बायकोच्या शिव्या न खाता मिळतील तेवढ्या जुन्या चादरी गुंडाळाव्यात.

जोडापेक्षा मला चाकाचा प्रश्न मोठा वाटतो. टायर किती मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तो आकडा टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो, तो वाचायची सवय लावा. २६ इंची एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) टायरवर ५५९ असतं. पोरांच्या गिअरच्या सायकलींमुळे हा टायर सेलू, वसमत, अहमदपूर अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. रोड सायकलच्या ७००सी चाकाला ६२२ लागतं. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं चाक तेवढंच दिसतं, पण तिचा टायर ६३५चा, तो बसत नाही. छोट्या चाकांतही तसंच. बाइक फ्रायडेच्या टूरिंगच्या गाड्यांना ४०६चं वीस इंची चाक असतं, ते लहान मुलांच्या सायकलींत सापडतं. ब्रॉम्प्टनचं सोळा इंची ३४९चं, आणि आपल्याकडे मुलांच्या सोळा इंचीला ३०५. पाटोद्याच्या पुढे ब्रॉम्प्टनचा टायर फाटला तर सायकल टेम्पोत टाकून परत यायचं. पेटीच्या दृष्टीनंही २६ इंचीच सोयीची: ती तशीच आत बसते, ७००सीच्या टायरची हवा सोडावी लागते, कधी टायरच काढावा लागतो.

टायर फाटण्याची गोष्ट मी उगाच काढत नाही. दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेला वाळलेले सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे पसरलेले असतात. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या सायकलला डांबरावरून खाली उतरवतात, आणि त्या कडेलाच काटा लागतो. छोट्या चाकाचं आणखी एक दुखणं म्हणजे खड्ड्यात ते मोठ्या चाकापेक्षा जास्त खोल बुडतं, आणि तेवढ्याच अंतरात जास्त वेळा फिरत असल्यानं टायर लवकर झिजतो. बाइक फ्रायडे तरीही सामान लादून मांजरसुंब्याचा घाट चढेल, गिअर तसे लावून घेतले तर. ब्रॉम्प्टन मला शहरासाठी आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीसाठी फार प्रिय आहे, दोन हजार किलोमीटरच्या महामार्गासाठी नाही.

मग कुणी काय घ्यावं? वेरूळचं घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ असा घराच्या उंबऱ्यातून निघून उंबऱ्यात परतणारा फेरा असेल, तर न खोलणारी स्टीलची २६ इंची, आणि उरलेले पैसे चांगल्या टायरवर. वर्षातून दोन-तीनदा परदेशी विमान धरणाऱ्यानं एस अँड एसच्या जोडाची २६ इंची बघावी. फ्रेम मागवताना आयात शुल्काची रक्कम आधी विचारून घ्यावी. हलकं सामान आणि चांगले रस्ते असतील तर रिची. आणि आज एसटी, उद्या रेल्वे, परवा कुणाची जीप असा प्रवास करणाऱ्याला मी बाइक फ्रायडेच सांगेन.

सरांना मी म्हटलं, घुमान साध्या सायकलवर करा, फ्रेम मात्र गोल नळ्यांची स्टीलची घ्या. परदेशाचं तिकीट खरंच निघालं, तर तिलाच जोड बसवून घेता येईल. आणि तेव्हा पैसे देण्याआधी एक करा: कुणाकडून तरी अशी भरलेली बॅग मागून घ्या, मोंढ्यात काट्यावर वजन करा, आणि पूर्णा जंक्शनला ती एकट्यानं पुलावरून पलीकडच्या फलाटावर नेऊन बघा.